छापील नमुना ९-क बिलावर आकडे चौकटीतून सरकतात: समस्या निवारण

तक्रार दरवर्षी एकच असते, फक्त ग्रामपंचायत वेगळी. प्रेसमधून छापून आणलेली नमुना ९-क ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर मागणीची, कोरी बिलं प्रिंटरला लावली, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधून रिपोर्ट सोडला, पहिली पाच-सात बिलं चौकटीत बसली, आणि पुढे दिवाबत्ती कराचा आकडा हळूहळू घरपट्टीच्या ओळीवर चढला. मग कुणीतरी रिपोर्ट डिझाइनमध्ये उघडून वरचं मार्जिन वाढवतं. त्या दिवसापुरतं भागतं. दुसऱ्या दिवशी पहिलंच बिल खाली सरकलेलं असतं, म्हणून मार्जिन परत कमी होतं. अशी दोन वर्षं गेली की तो रिपोर्ट नक्की कोणत्या कागदासाठी आखला होता हेच कुणाला सांगता येत नाही.

मी तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींच्या करवसुलीचं हे काम बरीच वर्षं पाहतो. भाऊसाहेबांचा, म्हणजे ग्रामसेवकांचा, फोन आला की मी पहिली गोष्ट सांगतो: मार्जिनला हात लावू नका, आणि चुकलेली बिलं फाडू नका. निदान त्या चुकलेल्या बिलांवरच लिहिलेलं असतं.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. नमुना ८ मधली आकारणी नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत येते, तिथून ९-क चं बिल निघतं आणि पैसे भरले की नमुना १० ची पावती. या साखळीतलं घरमालकाच्या हातात पोचणारं पहिलं कागदपत्र म्हणजे हे बिल. त्यावर मागील बाकीचा आकडा ‘चालू’च्या रकान्यात पडला, तर त्याच्या दृष्टीने ग्रामपंचायतीने यंदा कर दुप्पट केला. तो भांडायला येतो आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

आधी मोजा

एकाच दमात छापलेल्या लांबलचक पट्टीतलं पहिलं, अकरावं आणि एकविसावं बिल घ्या. स्टीलची पट्टी घ्या. प्लास्टिकच्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं. चौकटीच्या वरच्या छापील रेषेपासून घरपट्टीच्या आकड्याच्या पायापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. तसंच डाव्या रेषेपासूनचं. मग बिलाच्या तळाशी असलेल्या ‘एकूण’च्या आकड्याचंही मोजा. हे नऊ आकडे एका कागदावर लिहा.

आता त्या आकड्यांकडे पाहा. तिन्ही बिलांवर चूक तेवढीच असेल, तर तो जागेचा फरक आहे आणि मार्जिनने किंवा कागद नीट लावून जातो. दर बिलागणिक चूक वाढत असेल, तर पानाची लांबी चुकली आहे. एकाच बिलावर वरचा आकडा बरोबर आणि तळाचा चूक असेल, तर छपाई लहान-मोठी होते आहे. आणि काही बिलं अगदी बरोबर, काही चूक, असं कुठल्याही क्रमाशिवाय होत असेल, तर प्रिंटर निर्दोष आहे. चूक रिपोर्टमध्ये किंवा डेटामध्ये शोधा. या चारांपैकी मार्जिनचं औषध फक्त पहिल्याला लागू पडतं. बाकी तिघांवर तेच औषध देत राहिल्यामुळे हा आजार दरवर्षी उलटतो.

दर बिलाला थोडं थोडं वर चढतं

आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि १० बाय १२ इंची कंटिन्युअस पेपर (घड्या घातलेला सलग कागद), त्यावर ६ इंचांची दोन बिलं, मध्ये फाडायची छिद्ररेषा. बिल म्हणजे पान, असं धरलं तर पानाची लांबी ६ इंच, म्हणजे १५.२४ सेंटिमीटर. विंडोजमध्ये हा कागद तयार करताना माणूस पट्टी लावतो, १५ सेंटिमीटर २ मिलिमीटर दिसतात, आणि १५.२ भरतो. चूक फक्त ०.४ मिलिमीटरची. पहिल्या बिलावर ती डोळ्याला दिसत नाही. पण ती दर बिलाला साचते. छपाईची एक ओळ ६ ओळी प्रति इंच या हिशोबाने ४.२३ मिलिमीटरची असते. म्हणजे दहा-अकरा बिलं गेली की आकडे बरोबर एक ओळ वर चढलेले असतात. मी अकरावं बिल मागतो ते यासाठी.

तुमचा आकडा यापेक्षा मोठा असेल तर बहुधा कागदच चुकीचा निवडलेला आहे. १२ इंचांच्या कागदाला ए-४ निवडला, तर ए-४ ची लांबी २९७ मिलिमीटर आणि कागदाची ३०४.८, म्हणजे दर पानाला ७.८ मिलिमीटरचा फरक. लेटर निवडला तर पुरता एक इंच. सरकण्याचा आकडा मोजला की कोणता कागद निवडला गेला तेही कळतं, इतकं ते सरळ आहे. पान लांबीने कमी सांगितलं असेल तर छपाई वर चढते, जास्त सांगितलं असेल तर खाली उतरते.

दुरुस्ती अशी. प्रिंटर्सच्या खिडकीत ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘फॉर्म्स’मध्ये नवा फॉर्म करा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या, रुंदी २५.४० आणि उंची १५.२४ सेंटिमीटर भरा. हे करायला ॲडमिनचे अधिकार लागतात. पंचायतीच्या संगणकावर ते नसतील तर आधी तेवढं मागून घ्या. मग प्रिंटरच्या प्रेफरन्समध्ये तोच कागद निवडा आणि ॲक्सेसच्या पेज सेटअपमध्ये ‘युज स्पेसिफिक प्रिंटर’ निवडून तिथेही तोच. ही शेवटची पायरी लोक विसरतात. रिपोर्ट ‘डिफॉल्ट प्रिंटर’वर सोडला असेल, तर कुणीतरी दाखले छापायला लेझर प्रिंटर डिफॉल्ट केला की आपला ६ इंची कागद गेला.

इथेच आणखी एक लक्षण सांगून टाकतो: एक बिल छापलं, एक कोरं गेलं, परत एक छापलं. डिटेल सेक्शनची (रिपोर्टचा दर बिलाला छापला जाणारा भाग) उंची आणि वरखालची मार्जिन मिळून ६ इंचांपेक्षा केसभर जरी जास्त झाली, तरी उरलेला केसभर भाग पुढच्या पानावर जातो. रुंदीचंही तसंच. सेक्शनची उंची थोडी कमी करा.

कागद लावतानाच्या चुका

कंटिन्युअस पेपरच्या कडेची छिद्रं अर्ध्या इंचावर असतात, म्हणजे ६ इंची बिलाला १२ छिद्रं. सगळी बिलं सारखीच चुकलेली असतील आणि फरक १२.७ मिलिमीटर, म्हणजे नेमक्या तीन ओळींचा असेल, तर कागद एक छिद्र पुढे-मागे बसला आहे. संगणकाला हात लावायची गरजच नाही. डावी-उजवीकडची छिद्रं जोडीने बसली नसतील तर ओळी तिरक्या जातात. तेही मार्जिनने सुधारत नाही.

सरकणं वाढतं आहे, पण नियमित नाही, कधी २ मिलिमीटर, कधी ५, असं असेल तर प्रिंटरच्या बाजूचा खटका पाहा. तो सुट्या कागदाच्या जागी राहिला असेल तर रोलर आणि ट्रॅक्टर (कडेच्या छिद्रांतून कागद ओढणारी दातेरी चाकं) एकाच कागदाला ओढतात. कागदाचा खोका प्रिंटरच्या बरोबर मागे, सरळ रेषेत ठेवा. टेबलाच्या कडेला घासत येणारा कागद दर घडीला थोडा अडकतो, आणि बिलाची कार्बन प्रत असेल तर जास्तच.

प्रिंटर चालू असताना हाताने मूठ फिरवून कागद पुढे-मागे करू नका. प्रिंटर स्वतःच्या हिशोबाने पानाची सुरुवात लक्षात ठेवतो. मूठ फिरवली की तो हिशोब आणि खरा कागद यांचा संबंध तुटतो. थोडं सरकवायचं असेल तर पॅनलवरची बटणं वापरा. आणि आपोआप फाडायच्या जागी कागद पुढे आणायची सोय चालू असेल, तर मोठ्या छपाईपुरती ती बंद ठेवलेली बरी. दर वेळी पुढे जाऊन मागे येताना दोन प्रतींचा कागद किंचित घसरतो.

पॅनलवर ओळींचं अंतर किंवा अक्षरांची रुंदी बदलण्यात वेळ घालवू नका. विंडोजच्या ड्रायव्हरमधून देवनागरी छापताना पान चित्र म्हणून प्रिंटरकडे जातं. त्या बटणांचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

काही बिलं बरोबर, काही चूक

हा प्रकार मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण यात बिल सुबक दिसतं आणि तरी खोटं बोलतं.

साधं कारण आधी. रिपोर्टमधल्या चौकटींना ‘कॅन ग्रो’ आणि ‘कॅन श्रिंक’ असे दोन गुण असतात. कोऱ्या कागदावरच्या अहवालाला ते उपयोगी, छापील फॉर्मवर घातक. पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असली आणि तिचा ‘कॅन श्रिंक’ चालू असला, की ती ओळ मिटते आणि खालचं सगळं वर येतं. नाव लांब असलं आणि ‘कॅन ग्रो’ चालू असला, की नाव दोन ओळींत मोडतं आणि खालचं सगळं उतरतं. म्हणून एकाच वाडीतल्या शेजारच्या दोन घरांची बिलं दोन तऱ्हेने छापली जातात. छापील फॉर्मच्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही गुण प्रत्येक चौकटीला ‘नो’ हवेत, आणि डिटेल सेक्शनलाही.

पण ‘कॅन ग्रो’ मुळात चालू का केला गेला, हेही बघा. बहुतेक वेळा त्यामागे देवनागरी असते. ६ ओळी प्रति इंच म्हणजे एका ओळीला १२ पॉइंट उंची. एरियलसारखा फाँट १० पॉइंटचा घेतला तर तो त्यात बसतो. मंगल या देवनागरी फाँटची ओळ त्याच मापात बरीच उंच असते. चौकट १२ पॉइंटची ठेवली की खालचे उकार आणि जोडाक्षरांचे पाय कापले जातात. ‘कुलकर्णी’चा उकार गेला म्हणून कुणीतरी ‘कॅन ग्रो’ चालू करतं. योग्य उपाय म्हणजे चौकट मुळातच उंच आखायची, तिची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची, आणि ती खालच्या चौकटीवर थोडी आली तर येऊ द्यायची. ‘कॅन ग्रो’ बंद असेल तर त्याने काही बिघडत नाही. फाँट बदलला की अक्षरं चौकटीत वर-खाली बसतात, हेही ध्यानात ठेवा: नाव मंगलमध्ये आणि आकडे एरियलमध्ये असतील, तर दोन्ही चौकटी एका रेषेत असूनही छापल्यावर आकडे उंच दिसतात. सगळ्या बिलाला एकच फाँट ठेवा. आकड्यांच्या चौकटी उजवीकडे लावून घ्या, म्हणजे १५० आणि १,५०० दोन्हींचा एकम एकमाखाली येतो.

आता गंभीर कारण. एका गावात मला हीच तक्रार आली: ‘काही बिलांवर पाणीपट्टी एक ओळ वर जाते.’ मी अर्धी रात्र कागद आणि मार्जिन तपासण्यात घालवली. शेवटी चुकलेली बिलं वेगळी काढून एकीवर एक ठेवली, तेव्हा दिसलं की ती सगळी खासगी नळ असलेली घरं होती.

फॉर्मवर ओळी छापलेल्या असतात: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, खास पाणीपट्टी. ज्या घराला स्वतःचा नळ आहे त्याला खास पाणीपट्टी लागते, सामान्य नाही. डेटामध्ये प्रत्येक कर ही एक वेगळी नोंद होती आणि बिलावर त्या नोंदी सबरिपोर्टने (रिपोर्टच्या आत बसवलेला छोटा रिपोर्ट) एकाखाली एक छापल्या जात होत्या. नळाच्या घराला सामान्य पाणीपट्टीची नोंदच नव्हती. मग तिसऱ्या ओळीनंतर सबरिपोर्टने जी पुढची नोंद होती ती चौथ्या ओळीत छापली. खास पाणीपट्टीची रक्कम सामान्यच्या ओळीत, आणि खासची ओळ कोरी. एकूण रक्कम वेगळ्या बेरजेतून येत असल्याने ती बरोबर, त्यामुळे वसुली करणाऱ्यालाही चूक कळत नव्हती. त्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याच्या वसुलीचा हिशोब त्या वर्षी का जुळत नव्हता, हे कोडं त्या रात्री सुटलं.

छापील ओळी असलेल्या फॉर्मवर सबरिपोर्ट वापरू नका. प्रत्येक छापील चौकटीला रिपोर्टमध्ये तिची स्वतःची, नेहमी हजर असणारी चौकट हवी. त्यासाठी क्रॉसटॅब क्वेरी करा: ओळीला मिळकत क्रमांक, रकान्याला कराचा प्रकार, मूल्याला रक्कम. आणि क्वेरीच्या प्रॉपर्टीमध्ये ‘कॉलम हेडिंग्ज’ या ठिकाणी सगळे प्रकार फॉर्मवरच्या क्रमाने लिहून टाका. मग एखाद्या घराला तो कर नसला तरी रकाना राहतो, रिकामा. ‘मागील’ आणि ‘चालू’ असे दोन रकाने असतात, तेव्हा प्रकाराचा आकडा आणि मागील-चालूची खूण जोडून एक संकेत करा. पाच करांचे दहा संकेत होतील, आणि दहा चौकटी पक्क्या होतील.

संकेत आकड्यांचेच ठेवा, करांची नावं नकोत. ‘कॉलम हेडिंग्ज’मध्ये जे लिहिलेलं नाही ते ॲक्सेस न सांगता वगळतो. ‘पाणीपट्टी’ आणि ‘पाणी पट्टी’ यांत माणसाला फरक वाटत नाही, क्वेरीला वाटतो, आणि ती रक्कम बिलावरून गायब होते. म्हणूनच बिलावरच्या दहा चौकटींची बेरीज नमुना ९ मधल्या एकूण मागणीशी जुळते का, हे तपासून न जुळणाऱ्या मिळकती दाखवणारी एक छोटी क्वेरी छपाईआधी चालवा. तिच्यात एकही ओळ आली तर छपाई थांबवा. रिकाम्या रकान्यात ०.०० छापायचं की आडवी रेघ, हे तुम्ही ठरवा, मी ०.०० छापतो, कारण कोऱ्या चौकटीत नंतर पेनाने काहीही भरता येतं.

लेझर प्रिंटरवरची बिलं

अलीकडे ए-४ कागदावर छापील चौकटी आणि लेझर प्रिंटर, असं बरंच दिसतं. तिथे लांबी साचत नाही, कारण प्रत्येक कागद नव्याने उचलला जातो. तिथली नेहमीची चूक मापाची. रिपोर्टची पीडीएफ करून ती छापताना ‘फिट’ निवडलेलं असतं आणि पान ३-४ टक्क्यांनी आक्रसतं. वरचा डावा कोपरा जवळपास बरोबर, खालचा उजवा ६-७ मिलिमीटर आत. रिपोर्टमध्ये १५० मिलिमीटरची एक रेघ तात्पुरती काढा, छापा आणि मोजा. १४५ भरली तर ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. मार्जिनने हे दुरुस्त करायला गेलात तर एक टोक जुळेल आणि दुसरं सुटेल.

माप बरोबर असूनही दोन लेझर प्रिंटरांमध्ये १-२ मिलिमीटरचा फरक पडतोच. त्यासाठी प्रत्येक यंत्राचा वेगळा रिपोर्ट करू नका. एक लहान टेबल करा: प्रिंटरचं नाव, डावीकडचा फरक, वरचा फरक, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रिपोर्टच्या ‘ओपन’ इव्हेंटमध्ये चालू प्रिंटरच्या नावाने ती नोंद शोधा आणि मूळ मार्जिनमध्ये तो फरक मिळवून रिपोर्टच्या ‘प्रिंटर’ ऑब्जेक्टला द्या. तिथे माप ट्विपमध्ये लागतं: १ इंचाला १,४४० ट्विप, १ मिलिमीटरला साधारण ५६.७. मूळ मार्जिन थोडं ऐसपैस धरा, कारण कागदाच्या कडेचा जो भाग प्रिंटर छापूच शकत नाही, त्याच्या आत मार्जिन नेता येत नाही. असं केलं की डिझाइन कायम कुलूपबंद राहतं आणि नवं यंत्र आलं तर टेबलात एक ओळ वाढते.

यानंतरही फरक राहिला तर कोऱ्या फॉर्मचे दहा कागद गठ्ठ्याच्या वेगवेगळ्या जागांहून काढा आणि कागदाच्या कडेपासून छापील चौकटीपर्यंतचं अंतर मोजा. मला एकदा त्यात ३ मिलिमीटरपर्यंत फरक मिळाला होता. प्रेसमध्ये कटिंग तिरकं झालं होतं. असा गठ्ठा परत पाठवण्यावाचून इलाज नाही. पुढची ऑर्डर देताना चौकट कडेपासून किती अंतरावर हवी ते मिलिमीटरमध्ये लिहून द्या आणि आकड्यांच्या ओळी किमान ८.५ मिलिमीटर उंच मागा. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी आकडा स्वतःच्या ओळीत राहतो.

मोठी छपाई सोडण्याआधी साध्या कागदावर तीन खोटी बिलं छापा. एकात सगळ्यात लांब नाव आणि प्रत्येक चौकटीत ९९,९९९.००, दुसऱ्यात फक्त घरपट्टी आणि बाकी सगळं रिकामं, तिसऱ्यात नळाचं घर. ती कोऱ्या फॉर्मवर ठेवून खिडकीच्या काचेला धरा. उजेडात आकडे कुठे पडतात ते स्पष्ट दिसतं. चौकट जुळली तरच खरे फॉर्म लावा, आणि बाविसावं बिल बाहेर आल्यावर एकदा थांबून पुन्हा पट्टी लावा.

चुकलेली बिलं आधीच घराघरांत गेली असतील, तर त्यांच्यावर पेनाने खाडाखोड करून आकडा वर-खाली नेऊ नका. त्याच क्रमांकाचं बिल नव्याने छापा, जुनं परत घ्या, आणि शिपायाबरोबर नुसतं पाठवण्यापेक्षा त्या घरी ‘आधीच्या बिलात रक्कम चुकीच्या ओळीत छापली होती, एकूण तेवढीच आहे’ एवढं सांगायला लावा. त्या गावात आम्ही तसंच केलं. नळाच्या घरांतल्या दोघातिघांनी तर जुनं बिल आधीच वहीत घालून ठेवलं होतं, विचारायला यायचं म्हणून.